सोमवारच्या पत्राचा खाडा

१

चारशे बारा माणसं एका रविवारी नाहीशी झाली आणि पोलिसांत कुणी गेलं नाही. जाऊन सांगणार काय? माणसं आपापल्या घरी धडधाकट होती, दोन वेळा जेवत होती. नाहीशी झाली ती त्यांची नावं.

मी सोजरबाई. वारज्यात माझी खानावळ आहे, तीस वर्षं. शाळा चौथीपर्यंत, तीही पुसदकडच्या खेड्यात, जिथं मास्तर आठवड्यातून तीन दिवस यायचे. म्हणजे खरं धरलं तर दुसरीच. तरी मी लेखिका आहे. ज्यांना हसायचं असतं ते हसतात, मग पोळी वाढताना मी त्यांच्याकडे बघते आणि त्यांचं हसू थांबतं.

हे लेखिकापण वरदनं माझ्या गळ्यात घातलं. वरद हिंजवडीला कॉम्प्युटरवर काम करतो आणि माझ्याकडे जेवतो. वाढता वाढता मी लोकांची जी सालं काढते ती त्याला फार आवडायची. "आजी, हे लिहा ना," असा धोशा त्यानं लावला आणि एक दिवस नारायण पेठेतल्या अनंतरावांना जेवायला घेऊन आला. अनंतराव छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेले. त्यांनी इंटरनेटवर 'अक्षरपंगत' नावाची मंडळी जमवली होती. गावोगावची, देशोदेशीची माणसं तिथं लिहितात, एकमेकांचं वाचतात, खाली उत्तरं देतात. अनंतराव आमटी भुरकून म्हणाले, "मीठ जास्त आहे. भाषा बरोबर आहे. लिहा."

माझा हात लिहायला मंद. म्हणून उल्का येऊ लागली. उल्का शाळेत कारकून, चाळिशीची, एकटी. एक गुरुवार सोडून एक गुरुवार, दुपारच्या पंगती उठल्या की ती यायची. मी सांगायची, ती उतरवून घ्यायची आणि नेऊन अक्षरपंगतीत चढवायची. पुढच्या खेपेला लोकांची उत्तरं कागदावर छापून आणायची. शिवाय दर सोमवारी सगळ्या मेंबरांना एक पत्र जायचं, तेही तीच लिहायची. कुणी काय नवं लिहिलं, कुणाला नातू झाला, कोण महिनाभर गप्प आहे आणि का. पाच वर्षांत सोमवार चुकला नव्हता.

दोन हजार सातच्या जूनमध्ये चुकला. सकाळी दहाला अनंतरावांचा फोन आला.

"सोजरबाई, मेंबरांची यादी गेली. नावं, पत्ते, सगळं. कपाटातली सीडी गेली, छापून ठेवलेली वहीसुद्धा गेली. कुणीतरी मुद्दाम केलंय. तुम्ही या."

"मी कशाला? मी काय फौजदार आहे?"

"तीस वर्षांत तुमच्या खानावळीतून कुणी चोरून जेवून गेलंय?"

"हिंमत आहे?"

"म्हणून या."

मी लगेच निघाले. अनंतरावांना वाटलं त्यांच्यासाठी आले. वाटू दे.

माझा धाकटा योगेश अमेरिकेत असतो. दोन हजार दोन साली त्यानं तिथंच लग्न लावलं आणि मग फोन करून मला सांगितलं. मी म्हटलं, "मला एकच मुलगा आहे, दशरथ. आपण कोण बोलताय?" त्यानं फोन ठेवला. तो फोन परत वाजला नाही आणि मीही केला नाही. माझ्याकडे नंबर नव्हता, आणि असता तरी केला नसता. मग वर्षभरानं अक्षरपंगतीत माझ्या लेखाखाली त्याचं उत्तर आलं. तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक लेखाला येतं. तो माझ्याशी बोलत नाही, मी त्याच्याशी बोलत नाही. मी लिहिते, तो वाचतो. मला तेवढं पुरे होतं.

त्याचा पत्ता जगात एकाच ठिकाणी होता, त्या चारशे बारा नावांत.

२

नारायण पेठेतली ती बाहेरची खोली मी पहिल्यांदाच बघत होते. एक कॉम्प्युटर, एक कपाट, चार खुर्च्या आणि भिंतीवर 'पादत्राणे बाहेर, मतेही शक्यतो बाहेर' अशी पाटी. वरद खुर्चीत होता. उल्का चहा करत होती. डोळे लाल.

"कुलूप?" मी विचारलं.

"शाबूत," अनंतराव म्हणाले. "दर रविवारी सकाळी मी मंडळींबरोबर खडकवासल्याला फिरायला जातो. बाराला परत येतो. काल परत आलो, जेवलो, झोपलो. आज उल्का पत्र पाठवायला बसली तेव्हा कळलं."

"किल्ल्या कुणाकडे?"

"मी, उल्का, वरद. एक वैजनाथकडे होती. मार्चमध्ये त्याला पंगतीतून काढला, तेव्हा परत घेतली. पण किल्लीवरून किल्ली करायला मंडईत पाच मिनिटं लागतात."

"आणि लोकांचं लिखाण?"

वरदनं मान हलवली. "तेच तर विअर्ड आहे आजी. कथा, कविता, सगळं सेफ आहे. एक लाईन गेलेली नाही. फक्त मेंबर लिस्ट."

मी मनात गाठ मारली. लिहिणाऱ्यांशी ज्याचं वैर असतं तो लिखाण जाळतो. इथं चोरानं भांड्यांना हात लावला नव्हता, फक्त जेवणाऱ्यांची नावं नेली होती.

"या आठवड्यात काही विशेष होतं?"

"उद्या नवीन सिस्टिम सुरू होणार होती," वरद म्हणाला. "मेंबर्सना इन्फॉर्म करायला, जरा एंगेज ठेवायला. प्रत्येकाला मेल जाणार, तुमचा फोन नंबर द्या. मग आम्ही रिंग करून कन्फर्म करणार की माणूस आहे, वाचतोय."

"शिरगणती," अनंतराव म्हणाले. "पुढच्या महिन्यात पाचवा वाढदिवस. सभागृह घेतलंय. व्यासपीठावरून खरा आकडा सांगणार होतो."

उल्कानं माझ्यापुढे चहा ठेवला. कप बशीवर वाजला.

मी वरदला सज्ज्यात घेतलं. "तू केलंस?"

"आजी!"

"आजी काय? सगळ्या खोलीत यंत्र कळणारा तू एकटा."

"म्हणूनच नाही केलं. मला डिलीट करायचं असतं तर इथं कशाला येऊ? घरून केलं असतं, चहा पिता पिता. आणि ती वही घेऊन मी काय करू? मी शेवटची वही कॉलेजमध्ये बघितलीय."

खोटं नव्हतं. कॉम्प्युटर पुसायला कुणीही शिकतो, पण तेवढ्यावर ज्याचा जीव निवत नाही, जो कागदाचीही वही उचलून नेतो, तो माणूस कागदातला. वरद कागदातला नव्हता.

आत आले तर अनंतरावांनी एक कागद माझ्यापुढे केला. वैजनाथनं मार्चमध्ये पाठवलेला. मी अक्षर अक्षर लावून वाचला.

'तुमची पंगत एक दिवस उधळून दावीन. मग बघा किती उठत्यात आन् किती बसल्यालेच न्हाईत.'

३

वैजनाथ हिंगोलीकडचा, कारखान्यात कामाला, येरवड्यात एका खोलीत राहतो. कथा चांगल्या लिहितो, पण स्वभाव म्हणजे तव्यावरचं पाणी. मला बघून उठून उभा राहिला.

"मावशी? या की. तुमी कशा काय इकडं?"

"पंगत उधळली. उधळणाऱ्याला बघायला आले."

त्याला काही ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तो खाटेच्या कडेवर बसला. चेहरा असा झाला जसा कुणाच्या मरणाची बातमी ऐकून होतो, आनंदाचा मागमूस नाही.

"रविवारी कुठं होतास?"

"पयली पाळी. सातला आत, तीनला भायेर. गेटावर इचारा. आन् मावशी, माझ्या सात कथा हायत तिथं. मला उधळायचं असतं तर आधी माझ्या सात उचलल्या असत्या का न्हाय?"

"मग धमकी कशाला दिलीस?"

"धमकी न्हवती. खरं सांगत हुतो." "माझ्या कथेला एका बाईचं उत्तर यायचं. मुक्ताई, नाशिक. असं वाचायची, मावशी, की माझ्या बायकोनं न्हाय वाचलं कधी. म्हणलं एकदा भेटू. तिकडं कामानं चाललो हुतो, कळवलं. तर म्हणे मी परगावी हाय. दुसऱ्यांदा कळवलं, पुन्यांदा परगावी. मग धुळ्याच्या पाटलांना इचारलं, ते बी परगावी. औरंगाबादच्या संभाजीला इचारलं, ते बी."

"लोक फिरतात."

"फिरत्यात की. पन परगावी असल्यावर बी सोमवारी उत्तर येतंच! मी अनंतरावांना तोंडावर म्हणलं, सर, तुमच्या पंगतीत निम्म्या पत्रावळीच मांडल्यात, फुडं माणूस बसलेलं न्हाय. त्यांना वाटलं मी त्यांची चेष्टा करतुय. काढलं मला."

मी उठले. दारात त्यानं विचारलं, "मावशी, ती मुक्ताई... हाय का न्हाय?"

"मला काय माहीत?" मी म्हटलं. पण बसमध्ये बसल्यावर मला एवढं कळलं होतं की उत्तर माझ्या घरातच आहे. माझ्या ट्रंकेत साडेतीन वर्षांची छापील उत्तरं होती, एकही कागद मी टाकला नव्हता.

४

दुसऱ्या दिवशी दुपारच्या पंगती उठल्या तसं मी जेवणाच्या खोलीत सतरंजी अंथरली आणि ट्रंक पालथी केली. सून, भाग्यश्री, दारात आली.

"आई, संध्याकाळची कणीक?"

"तू मळ."

"तुम्हाला माझी आवडत नाही."

"आज आवडेल. जा."

खानावळीत मेंबर न आला तर त्या दिवशी त्याच्या नावापुढे फुली पडते. त्याला खाडा म्हणतात. पुण्यात बाहेरगावचं कुणी वाढलं असेल त्याला हा शब्द सांगावा लागत नाही. तीस वर्षांत मी माणसं खाड्यांवरून ओळखली. घरी आई आजारी आहे, नोकरी गेली, प्रेमात पडला, सगळं फुल्यांतून दिसतं. ज्याच्या पानावर एकही फुली नाही असा मेंबर मी बघितलेला नाही. माणूस आहे म्हटल्यावर कधीतरी तो जेवायला येत नाहीच.

मी कागद लेखाप्रमाणे ओळीनं लावले. खानावळीच्या फळ्यावर नावं लिहिली आणि उत्तर नसेल तिथं फुली मारत गेले.

वैजनाथच्या ओळीत पेरणीच्या दिवसांत फुल्या, गावी जायचा. वरदच्या ओळीत फुल्याच जास्त. त्याच्या हापिसात 'रिलीज' नावाचं काहीतरी असतं, तेव्हा तो जेवायलाही येत नाही. एका सोलापूरच्या मास्तरांची ओळ दहावीच्या परीक्षेच्या वेळी फुल्यांनी भरलेली. माणसं होती ती.

पण अकरा ओळी अशा निघाल्या की गणपतीत खाडा नाही, दिवाळीत नाही, लग्नसराईत नाही. मुक्ताई, नाशिक. पाटील, धुळे. संभाजी, औरंगाबाद. साडेतीन वर्षं न चुकता पाटावर हजर.

तेवढ्यात माझा हात थांबला. त्या ओळी अगदीच कोऱ्या नव्हत्या. फळ्यावर एका ठिकाणी फुल्यांची उभी रेघ तयार झाली होती. गेल्या श्रावणातले दोन लेख. त्यांना वैजनाथचं उत्तर होतं, सोलापूरच्या मास्तरांचं होतं, आणखी सहा-सात जणांचं होतं. त्या अकरांपैकी एकाचंही नव्हतं. नाशिक, धुळे, औरंगाबाद, परदेश, सगळे एकाच महिन्यात मुके. आणि भाद्रपदात सगळे एकदम परत.

श्रावणातले ते लेख उल्कानं उतरवून घेतले नव्हते. वरद आला होता, आणि तो महिना सोमवारची पत्रंही अनंतरावांनी लिहिली होती. का? तर उल्काचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. मीच तिला दवाखान्यात डब्यातून पेज पाठवत होते.

एका मेंबरचा खाडा असला की मेंबर गावाला गेलेला असतो. सगळ्यांचा एकाच वेळी खाडा पडला की समजावं, स्वैपाकीण आजारी आहे.

मला हसू आलं. दुसरी शिकलेली बाई, आणि सदाशिव-नारायण पेठेला पाच वर्षांत जे दिसलं नाही ते मी खडूनं काढलं. शिरगणतीत वरद फोन नंबर मागणार होता, आणि अकरा माणसांचे अकरा आवाज उल्का कुठून आणणार? म्हणून आदल्या रविवारी यादी गेली. किल्ली तिच्याकडे. वही तिच्या हातची. मी जोरात हाक मारली, "भाग्यश्री, चहा ठेव!" आणि ती अकरा नावं एकदा नीट मोठ्यानं वाचावी म्हणून फळ्यापुढे उभी राहिले.

सातव्या ओळीत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'योगेश'.

चहा निवला. मी त्याची सगळी उत्तरं परत काढली. म्हटलं, बाकीचे दहा असतील खोटे, हा नसेल. श्रावणात कामात असेल. हिच्या आजारपणाशी याचा काय संबंध?

पहिलं उत्तर होतं, 'आई, बाबांनी सायकल विकली नव्हती. ती चोरीला गेली आणि तू मला मारलंस. वाचतोय.' दुसरं, 'मावशीच्या लग्नात पाऊस नव्हता. तू दरवेळी पाऊस घालतेस.'

त्यानंतरची सगळी गोड. 'आई, छान लिहिलंस.' 'आई, डोळ्यांपुढे उभं राहिलं.' 'तुझ्या हातची ज्वारीची भाकरी आठवली.' भाकरीचं मीच लेखात सांगितलं होतं. विहिरीचंही मीच सांगितलं होतं. मी एक एक कागद बघितला. दोन उत्तरं सोडली तर मी आधी उल्काला सांगितली नव्हती अशी एकही गोष्ट त्यात नव्हती. आणि पहिल्या दोन लेखांनंतर माझी एकही चूक कुणी काढली नव्हती.

पोटचं पोर आईची चूक काढतंच. कौतुक परकी माणसं करतात.

५

गुरुवारी उल्का ठरल्या वेळेला आली. वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

"सांगा मावशी."

"आज तू सांग."

तिनं टोपण परत लावलं. फळा मी पुसला नव्हता. तिनं तो बघितला आणि ती बराच वेळ त्या उभ्या रेघेकडे बघत राहिली.

"श्रावण," ती म्हणाली.

"श्रावणच."

ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, म्हणजे मला ओरडता येईल.

"पहिल्या वर्षी खरंच सगळे होते, मावशी. मग हळूहळू गळायला लागले. कुणाला नोकरी, कुणाला मुलं, कुणाला कंटाळा. मी सोमवारच्या पत्रात विचारायची, काय झालं, का लिहीत नाही. उत्तर नाही. जे लिहीत होते त्यांच्या लेखाखाली कोरं राहायला लागलं. एकदा कोरं राहिलं की माणूस दुसऱ्यांदा लिहितो. दोनदा राहिलं की नाही लिहीत. मी म्हटलं, एक उत्तर आपण टाकावं. दुसऱ्याच्या नावानं. गेलेल्याच्या. त्याचं काय जातंय?"

"आणि वैजनाथला नाशिकची बाई दिलीस."

"तो बंद करणार होता लिहायचं."

"चारशे बारातले जिवंत किती?"

"एकोणीस. मला सोडून."

बाहेर भाग्यश्री भांडी घासत होती.

"यादी पुसलीस, कळलं. वही का नेलीस?"

"समासात खुणा होत्या. कोण कधी गेलं, कुणाच्या नावानं मी लिहिते. फाडायला गेले, फाडवेना. घरी आहे."

"मग आता शेवटचं सांग," मी म्हटलं. "पहिली दोन त्याची आहेत. खोटं बोललीस तर या झाडूनं मारीन."

"त्याचीच आहेत."

"मग तो कुठं गेला?"

उल्कानं पिशवीत हात घातला. जुना पातळ कागद, चार घड्यांचा. माझ्या हातात दिला नाही, सतरंजीवर ठेवला. "हे तुम्हाला द्यायचं नव्हतं," ती म्हणाली. "त्यानंच सांगितलं होतं, देऊ नका."

मी उचलला. तारीख नोव्हेंबर दोन हजार तीनची होती.

'महोदय, सोमवारचं पत्र मला यापुढे पाठवू नये. माझं नाव यादीतून काढावं. आईचा ताजा लेख वाचला. त्यातली "गोरी बाहुली" माझी बायको आहे. आईचं कळावं म्हणून ती मराठी वाचायला शिकत होती. हा तिनं स्वतः वाचलेला पहिला लेख. कृपया आईला हे कळवू नका, ती लिहिणं सोडून देईल. योगेश.'

तो लेख मला पाठ होता. त्यात मी अशी बाहुली काढली होती की जिला चूल दाखवली तर ती विचारते, याचं बटण कुठं आहे. त्या लेखाला सगळ्यांत जास्त उत्तरं आली होती. लोक म्हणाले होते, आजी, हसून हसून पोट दुखलं. तेव्हा तर खरी माणसं होती.

"मी विचार केला," उल्का हळूच म्हणाली, "तो म्हणतोय तुम्ही लिहिणं सोडाल. मग त्याच्याच नावानं..."

"गप," मी म्हटलं.

मी तिला हाकलून द्यायला हवं होतं. पण साडेतीन वर्षं दर पंधरा दिवसांनी माझ्याशी कुणीतरी मुलासारखं बोललं होतं, ते ही बाई होती, आणि तिलाही घरी बोलायला कुणी नव्हतं. मी तिला हाकललं नाही. तिला चहाही विचारला नाही.

६

शनिवारी आम्ही चौघं नारायण पेठेत जमलो. उल्कानं वही टेबलावर ठेवली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. अनंतरावांना मीच सांगितलं. असल्या गोष्टी सांगायला जीभ लागते.

त्यांनी सगळं ऐकलं. चष्मा काढला, पुसला, घातला.

"एकोणीस," ते म्हणाले.

"एकोणीस."

"म्हणजे वृत्तांवरून तीन वर्षं मी धुळ्याच्या पाटलांशी भांडतोय ते..."

"मी," उल्का म्हणाली.

"चांगलं भांडायचीस. शेवटच्या वादात तू बरोबर होतीस. ते मान्य करणारं पत्र मी लिहून ठेवलं होतं. आता कुणाला पाठवू?"

वरद कॉम्प्युटरकडे बघत होता. पाच वर्षं त्यानं ते यंत्र सांभाळलं आणि आत बसलेली माणसं एकदाही मोजली नाहीत. त्याला तोंड वर करून बघवेना.

"सर, मी सभागृह कॅन्सल करतो," तो म्हणाला.

"करा. आणि वैजनाथला मी स्वतः पत्र लिहितो. त्याची माफी मागायची आहे." अनंतरावांनी वही पुढे ओढली. "आता यादी नव्यानं करू. मी नाव वाचतो. ज्यांनी काढायला सांगितलंय त्यांना काढायचं. ज्यांचा पत्ता मेला त्यांना काढायचं. उरतील त्यांना सोमवारी पत्र जाईल, आणि त्यात लिहिलेलं असेल की आपण किती आहोत."

"वाचून उरलेले पण जातील, सर," उल्का म्हणाली.

"जाऊ देत. पण खरे जातील."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. नाव, गाव, समासातली खूण. मुद्रितं तपासणाऱ्याचा तो कोरडा आवाज. काढा. काढा. ठेवा. काढा. मुक्ताई, नाशिक, लग्न होऊन दुबईला गेली, दोन हजार चार. काढा. पाटील, धुळे, दोन हजार तीनपासून पत्ता बंद. काढा. बाहेर रिक्षांची भांडणं चालली होती. एक तास गेला. वरदच्या पडद्यावर फार थोड्या ओळी उरल्या.

मग अनंतराव वाचता वाचता थांबले. नाव त्यांनी वाचलंच नाही, वही फक्त वरदकडे वळवली. वरदनं बघितलं.

"आजी," तो म्हणाला, "हे ठेवू का? नुसतं नाव. पत्र नाही जाणार त्याला, मी बंद करून ठेवतो. आणि आजी, त्याचा तेव्हाचा पत्ता आहे यात. तुम्हाला काही लिहायचं असेल तर आत्ता..."

उल्का भिंतीपासून एक पाऊल पुढे आली आणि तिथंच थांबली.

लिहायला माझ्याकडे खूप होतं. दोन रात्री तेच लिहीत होते मनात, आणि प्रत्येक वेळी पहिल्या ओळीत माझी जीभ तिरकी व्हायची. मला सरळ लिहिता येत नाही. ते तो लहानपणापासून ओळखून होता.

खानावळीत मी एक नियम कधी मोडला नाही. जेवणाऱ्यानं पानावर आडवा हात धरला की वाढणं थांबवायचं. आपल्याला कितीही वाटलं, पदार्थ कितीही चांगला झालेला असला, तरी कुणाच्या हातावर वाढायचं नाही.

योगेशनं दोन गोष्टी मागितल्या होत्या. आईला कळवू नका, ही पहिली. ती मीच मोडली, स्वतःच्या हुशारीनं. दुसरी साडेतीन वर्षं तशीच पडून होती.

"काढ," मी म्हटलं.

वरदनं बटण दाबलं. अनंतरावांनी घसा साफ केला आणि पुढचं नाव वाचलं.